नाभी

सातपूरच्या भंगारातून अडीचशेला आणलेली
टीव्हीची जुनी छत्री
मी गच्चीवर उताणी ठेवली, तेव्हा
अप्पा म्हणाले, "हिला पोट आहे. बूड नाही, गळा नाही.
भांडं कसलं हे?"

तांबट गल्लीत पन्नास वर्षं
हंडे न् घंगाळं ठोकून त्यांचे कान गेले.
आता सगळं तळहाताने ऐकतात.

मी चंदेरी कागदाच्या पट्ट्या चिकटवत होते,
ओरडून सांगत होते :
याला अन्वस्त म्हणतात, अप्पा.
सूर्याकडून सरळ आलेला किरण
काठावर पडो की मधे,
वळून एकाच जागी जातो.
त्या जागेला नाभी म्हणतात.
"काय?"
"नाभी! बेंबी!"
शेजारच्या गच्चीवर कुरडया घालणाऱ्या
शालनवहिनी दचकल्या.

छत्री उन्हाकडे फिरवली.
मधल्या बोल्टची सावली आखडत आखडत
बोल्टच्याच पायात शिरली,
आणि हवेत, कशालाही न टेकता,
ती जागा तयार झाली.
दिसत नव्हती.
कालचा पेपर धरला तर आधी पिवळा,
मग धूर,
मग बाजारभावांत एक भोक, काळ्या किनारीचं.

पण एक कवडसा चुकार.
डबा सोडून पाण्याच्या टाकीवर नाचत होता.
अप्पांनी वर गोणपाट टाकायला लावलं,
पाठीमागून हात फिरवला, डोळे मिटून.
"इथं दबलंय."
गव्हाच्या दाण्याएवढं.
लाकडी मोगरीचे तीन ठोके. चौथा हात उचलून
मारला नाही.
गोणपाट काढलं,
तर कवडसा मुकाट घरी आलेला.

काळा रंगवलेला डबा, आत मुगाची खिचडी.
दर पंधरा मिनिटांनी छत्रीला
जरासं पश्चिमेला ढकलायचं,
नाहीतर ऊन पुढे जातं, डबा मागे राहतो.
गंगेकडून वारा सुटला की अप्पा
त्याला पाठ देऊन आडवे बसत.
"आमच्या भट्टीला कोळसा लागायचा," म्हणाले,
"आणि भात्याला तुझी आई."

पाऊण तासाने झाकण खडखडलं.
त्यांनी स्टँडच्या दांड्याला बोट लावलं :
"उकळतंय."

तिथेच बसून खाल्ली. एका अंगाला लागली होती.
उठताना त्यांनी गोणपाट पुन्हा ओढलं.
"उघडी टाकू नकोस. भट्टी विझवता येते.
ही नुसती झाकता येते."

मग जिना अर्धा उतरल्यावर,
मागे न बघता,
"मीठ?"