रुबाब तडवीची वही

टाकी माशांची, पण मासे नव्हते तिच्यात.
तळाला जुन्या छत्रीचं काळं कापड,
वर स्पिरिटात भिजवलेली फेल्टची पट्टी,
आणि खाली कोरडा बर्फ,
जळगावच्या कारखान्यातून थर्माकोलच्या खोक्यात
एस.टी.नं माझ्या मांडीवर बसून यावलला आलेला,
निम्मा वाटेतच हवा झालेला.

रात्री सव्वादहाला लाइट गेली. बरंच झालं.
टॉर्च आडवी धरली तशी
टाकीतल्या धुक्यात एक पांढरी रेघ उमटली,
विरली.
मग दुसरी, तिरपी.
मग एक आखूड, जाड, घाईतली.

लॅबच्या किल्ल्या कमरेला तशाच ठेवून
रुबाब वाकला.
"म्याडम, आतून हे कोन चाललं?"

वरून येतात, मी म्हटलं.
पत्रा, पंखा, तुझी टोपी, तू,
सगळ्यांतून पार.
तुझ्या तळहातातून मिनिटाला शंभरेक जात असतील.
त्यानं मूठ मिटली. मग उघडून
टॉर्चच्या उजेडात उलटसुलट पाहिली.
"गाव कुठलं त्यांचं?"

हेच तर सांगता येत नाही.
कुठलासा तारा फुटला, त्याच्यातून सुटला एक कण,
आकाशगंगेच्या चुंबकी वाटांवर
लाखो वर्षं वळत राहिला,
इतका, की वळणांनीच गाव पुसून टाकलं.
आपल्यावर वीसेक किलोमीटरवर, पातळ हवेत,
तो आपटून फुटला.
ही रेघ त्याची नाही, रुबाब.
त्याच्या नातवंडाची आहे.

तेव्हापासून दर शुक्रवारी, पंधरा मिनिटं.
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी,
जशा तो पोरवयापासून सावद्याच्या धक्क्यावर
केळीच्या घडांच्या मारायचा.
दोनशे तीन. एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे एक.

मे महिन्यात सूर्यावर भडका उडाला.
वारा तसा रोजच सुटलेला असतो तिथून,
सेकंदाला चारशे किलोमीटर,
ज्यात अणूही अख्खा राहत नाही:
इलेक्ट्रॉन वेगळा, गाभा वेगळा,
संसार मोडलेले, वाट मात्र एकच.
या खेपेला त्याच्या दुप्पट वेग,
आणि पोटात चुंबकाच्या गाठी.
दोन दिवसांत पोचला.
यावलमध्ये पान हललं नाही.
जे हलत होतं ते आपल्या नेहमीच्या झळांनी.

त्या शुक्रवारी रुबाबनं मान वर केली.
"आज कमी आले. एकशे त्र्याऐंशी."

मी म्हटलं, बर्फ कमी असेल.
डोळा थकला असेल.
दोनशेत चौदा इकडेतिकडे
हे तर नुसत्या नशिबाचं असतं, नियमच आहे तसा.

"अठरा वर्षं घड मोजले, म्याडम.
एक चुकला का मजुरी कापे मुकादम.
मले नशीब नका सांगू."

मग मी सांगितलं, जरा बिचकतच,
की सूर्याचा वारा ग्रहांच्याही पलीकडे फुगून राहतो,
बाहेरच्या कणांना त्याच्या विरुद्ध चालत यावं लागतं,
जोर वाढला की कितीतरी परत फिरतात.
झाले असतील कमी. खरंच झाले असतील.

तो बराच वेळ गप्प.
"म्हंजे वाराच कुंपन?"

इथं वारा म्हणजे फाटलेली पानं,
कंबरेत मोडलेला खोड-घड,
वाऱ्यासाठी बागेभोवती शेवरी लावायची,
गजराज गवत लावायचं, जाळी बांधायची.
वाऱ्याला कुंपण. वाऱ्याचं कुंपण
सातपुड्याखाली कुणी बोललं नसेल याआधी,
निदान लॅबच्या किल्ल्या कमरेला लावून तरी नाही.

वहीत १८३ च्या पुढे, शेऱ्याच्या रकान्यात,
त्यानं लिहिलं: वारा.
मी शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
पुढच्या शुक्रवारी दोनशे चार.

रकाना कोरा ठेवून तो सायकलवर बसला.
एक हात हँडलवर.
दुसरा, उगाच,
तळवा वर करून.