डावी बाही

माझी आई शाळेत गेली नाही,
पण बाबांच्या शर्टाची डावी बाही बघून सांगायची
आज कोणत्या लिपीचं काम होतं.

बाबा डावखुरे. इस्तारी पेंटर, गड्डीगोदाम.
देवनागरी असली की निळीत बुडवलेला दोरा ताणून
आधी भिंतीवर शिरोरेघ फटकारायचे,
मग एकेक अक्षर वाळत घालावं तसं
खाली सोडायचे,
आणि मागून येणारं त्यांचंच मनगट
ओलं अक्षर पुसत जायचं.

शाळेत याच हातावर रूळ बसलेला.
पहिली वेलांटी आधी काढ बे, मग अक्षर.
"पण बोलताना तर ते नंतर येते, गुरुजी."
पुन्हा रूळ.

इंग्रजी पाटीतही बाही रंगायचीच.
ती अक्षरं फक्त लोंबायची नाहीत,
खालच्या रेघेवर बूड टेकून बसायची,
सदरच्या बाकावर पेन्शनर बसतात तशी.

मग एका मे महिन्यात
मोमिनपुऱ्यातलं शटर मिळालं.
नसीम कातिबांचे हात कापायला लागले होते.
म्हणाले, दोरा ठेव खिशात.
एक अलिफ म्हणजे तीन नुक्ते, कलमाच्या टोकानं मोज.
"सुरू कुठून करू?"
"उजवीकडून."

बाबा शिडीवर चढले
आणि जन्मात पहिल्यांदा
त्यांचा हात रंगाच्या पुढे चालला.
शब्द जिना उतरावा तसे तिरपे उतरत आले,
मनगट तापल्या कोऱ्या पत्र्यावर,
ओलं सगळं मागे, शाबूत.

खाली येऊन विचारलं,
"काय लिवलं जी म्या?"
"उधार बंद आहे."
बाबा बराच वेळ त्या उधारीकडे बघत राहिले.

मी आता फ्लेक्सच्या दुकानात बसते.
यंत्राचं डोकं जाता-येता दोन्हीकडून छापतं,
आधी सगळ्या अक्षरांचे माथे,
मग पोटं, मग पाय.
कोणती लिपी, त्याला विचारावं लागत नाही.
काही पुसलंही जात नाही.

त्या रात्रीचं सांगायचं राहिलं.
आईनं शर्ट उलटापालटा केला.
बाही पांढरी.
"काऊन जी, आज काम नोतं का?"

बाबा जेवत होते.
डाव्या हातानं.