हजेरी, सहावी ब

सोहारला आठवडा रविवारी उघडतो.
एसी खाकरून सुरू होतो,
रात्रीच्या वाऱ्याने आणलेली वाळू
पहिल्या बाकावर, बोटाने नाव लिहिता येईल इतकी.

वरून पत्रक आलं होतं: सौजन्य सप्ताह.
मी कार्डशीटवर रकाने आखले.
चांगल्या कृतीला एक चांदणी,
पाच चांदण्यांना एक पेन.
झाल्या की कृती धडाधड!
रिदानने एका दिवसात एकच दार
सात वेळा उघडून धरलं.
मुद्दाम पेन्सिल पाडणारा आणि ती उचलून देणारा
अशी एक जोडगोळीही निघाली.
मी हसले. चांदण्या चिकटवल्या.

मग दोन दिवस तापाने घरी.
परतले तर बदली बाईंचा शेरा, लाल शाईत:
'मुले हजेरीला तोंडाने उत्तर देत नाहीत,
नुसते हात वर करतात. शिस्त लावावी.'

हे कधीपासून?
मी तर डोळ्याच्या कोपऱ्यात काही हललं
की टिक करत आले.
आज मान वर करून नावं घेतली.
अभिरामी. हात.
बेसिल. हात.
नूरैन. हात, बाही कोपरापर्यंत घसरलेली.
ओजस राऊळ.
हात.

तिथे पेन थांबलं.
एप्रिलमध्ये हा वेंगुर्ल्याहून आला तेव्हा
'प्रेझेंट'मधला प
ओठांवर तडफडायचा, गळाला लागलेल्या बांगड्यासारखा.
मागून कुणी प-प-प करायचं,
मी डस्टर आपटायचे,
उद्या पुन्हा तेच.
मग ते थांबलं.
मला वाटलं, डस्टरमुळे.

मधल्या सुट्टीत नूरैनला गाठलं.
खुबूसची गुंडाळी करत ती म्हणाली,
"मिस, माझा घसा दुखत होता."
"आणि बाकीच्यांचा?"
"त्यांचापण."
एकतीस घसे. मे महिन्यापासून.

चांदणी हातात घेतली,
गोंदाचं झाकण उघडलं,
परत लावलं.
शेऱ्याखाली लिहिलं: पाहिले. असू दे.

सुटल्यावर बसेस उन्हात तापत उभ्या.
पायरीवर पहिलीतलं एक पोर रडत होतं,
आणि ओजस त्याच्यापुढे उकिडवा, बाटली धरून:
"प... प... पा..."

ड्रायव्हरने हॉर्न दिला.
पोराने डोळे पुसले,
ओजसच्या तोंडाकडे बघत राहिलं,
शब्द पुरा होईपर्यंत.
मग पाणी प्यालं.