परतीचा पाइप

इंजिन मागं, रेडिएटर पुढं.
मधे नऊ फूट गाडी,
ते नऊ फूट माझे.

कोडोलीच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये
स्टँडवर चढवलेली जुनी फोक्सवॅगन.
जन्मभर वाऱ्यावर जगली.
शिकलगारांनी तिच्या पाठीत मारुतीचं इंजिन बसवलं
आणि हात पुसत म्हणाले,
'पाणी तेवढं तू फिरव, वैजू.'

आधी वेल्डिंगची तार वाकवली.
उताणी पडून, बॅटरी दातात धरून
तारेलाच विचारत गेले, कुठनं जाऊ?
मधल्या बोगद्यात क्लचची केबल आधीच राहायला.
फार खाली गेलं तर पोवई नाक्याचे गतिरोधक सोडायचे नाहीत.
सायलेन्सरपासून चार बोटं लांब.
'कुणाची बोटं?' पोरगं विचारतं.
माझी.

मग तांब्याचा पाइप.
पोटात कोरडी वाळू ठासून, तोंडाला लाकडी बूच,
नाहीतर वळणावर चपटा होतो.
जाणारा उजवीकडून, परतीचा डावीकडून,
प्रत्येक क्लिपखाली रबराची पट्टी.

पाणी भरलं. गाडी सुरू केली.
काटा अर्ध्यावर, पाऊण, लाल.
जाणाऱ्या पाइपाला हात लागेना,
परतीचा थंडगार.
शिकलगार म्हणाले, पंप बदलू.
मी पत्र्याला कान लावला.
आत कुठंतरी गुळगुळ, गुळगुळ.

आण्णा कोरेगावकडं उपसा लाइनवर फिटर होते.
टेकडीच्या माथ्यावर, लाइनच्या पार वरच्या जागी
एक छोटा व्हॉल्व्ह असायचा.
तो सोडून उकिडवे बसायचे.
'पाण्याला समदीच वाट देत्यात,' म्हणायचे,
'हवेला कोण देतंय?'

गाडी निवू दिली.
जॅक लावून नाक वर उचललं,
रेडिएटरच्या खांद्याला पितळी स्क्रू बसवला,
इंजिन चालू ठेवून अर्धा आटा ढिला.
फुस्स.
थुंकली, खोकली,
पुन्हा फुस्स,
आणि मग न तुटणारी धार
थेट माझ्या बाहीत.

संध्याकाळी यवतेश्वरचा घाट, दुसरा गिअर.
शिकलगार रस्त्याकडं बघत होते, मी काट्याकडं.
अर्ध्यावर गेला आणि तिथंच बसला.

सातव्या वळणावर ते म्हणाले,
'माझ्या पायाखाली भट्टी हाय गं.'
उद्या गोणपाट गुंडाळते, म्हटलं.

माझ्या बाजूला कोमट होतं.
चप्पल काढली
आणि पाय तिथंच ठेवले.