साफ केलेली कॅसेट

चौघंच होते.
हबेलमामा लोको शेडात बॉयलर ठोकायचे,
त्यांचा खर्ज म्हणजे तापीच्या पुलावर मालगाडी,
चर्चचे बाक हलायचे,
असं मीच सांगत आलो तीस वर्षं.
वरचा सूर शांतवन मास्तरांचा.
मधले दोघे पाटोळे बंधू,
आवाज एक, भांडण दर रविवारी.

आताची पोरं गुणी आहेत.
चौघांना काळे शर्ट, मोबाइलमधून ताल,
कानात बोंडं, सूर केसभर हलत नाही.
मी तरी म्हणायचोच,
ती माणसं वेगळी होती रे.

परवा रूबेननं कॅसेट मागून नेली.
एक्याऐंशीचं संमेलन, पत्र्याचा मांडव,
भुसावळचा मे.
पेनड्राइव्हवर आणून दिली. लावली.
हबेलमामा अर्धी मात्रा उशिरा आले.
मास्तर चढले, त्यांना उतरायला जागा सापडेना.
पोरांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
हा त्यांचा सभ्यपणा.

पण आणखी काहीतरी नव्हतं.
मागे नेलं. पुन्हा मागे नेलं.
दुसऱ्या कडव्याआधी चौघं मिळून
एकच श्वास घ्यायचे,
बोट नाही, मान नाही,
लोहाराचा भाता उघडावा तसा.

"ती खरखर होती, अंकल. मी काढली."
"घाल परत."

रूबेन माउस धरून बसला बराच वेळ,
तेवढंच ऐकत, तेवढंच.
मग म्हणाला,
"पाटोळे भांडायचे कशावरून?"

सायकलवरून, मी म्हटलं.
एकच होती.