वारसदाराचा रकाना

रिटायर व्हायला पाच वर्षं उरली, तेव्हा
अंगणवाडीच्या पंचफुलाबाई गेडाम
आमच्या पोस्टात आल्या,
पदराच्या गाठीत तीनशे रुपये.
नोटांना खिचडीतल्या हळदीचा वास.

वारसदार कोण, मी विचारलं.
"म्हंजे?"
तुमच्या मागं पैसे कोणाला द्यायचे ते.
"आन् जाच्या आंधी? तवा कोनाचे?"

शिक्का हातातच राहिला,
शाई वाळली.

"मोतीबिंदू काढाचा हाये," त्या म्हणाल्या.
"मंग एक खुर्ची घेईन. हाताची.
तीस वर्सं लहान्या पोरायच्या पाटावर बसली मी."

रकाना तसाच सोडून पासबुक दिलं.

रात्री माझं काढून बघितलं.
वारस तीन, टक्क्यांसकट.
खुर्ची कुठंच नव्हती.