दारापर्यंतचं अंतर

वाद्सो, जानेवारी. सूर्य नाही म्हणजे नाहीच,
मग हिला रात्रपाळी का म्हणायचं
हे एइलर्टला अजून कळलेलं नाही.
दुसराच आठवडा त्याचा.
पडद्यावर बोट टेकवून विचारतो,
"हा राउटर वेडा आहे का?
बाहेरून गेलं तर तीस, इथून एकशे चाळीस,
आणि हा एकशे चाळीसच धरून बसलाय."

सिन्नोवे थर्मासचं झाकण फिरवते.
"तो तीस बघतच नाही.
आधी विचारतो, वाट कुठली.
आपल्याच एरियातली असली की संपलं,
मग ती कितीही लांबून जावो.
ती नसेल, तर शेजारच्या एरियातून आलेली.
तीही नसेल, तरच परक्यांनी सांगितलेली.
आकडे लावायचे ते एका पंगतीतल्यांनाच."

"पण का?"

"माझ्या बापाला विचारायचं होतंस."

ओदवार. खलाशी. डाव्या हाताला तीनच बोटं.
नदीपलीकडे फिनलंडचा डॉक्टर, पाऊण तासावर.
हा मात्र फ्योर्डला वळसा घालून
अडीच तास गाडी हाकायचा
आपल्या डॉक्टरकडे,
जो त्याला दरवेळी तीच गोळी द्यायचा.
छातीत कळ आली ती वादळात.
डोंगरातला रस्ता बंद, बोट बंद.
आपल्यातली वाट पुसली गेली
तेव्हा कुठे पूल दिसला त्याला.

वाचला.
मग वर्षभर भेटेल त्याला सांगत सुटला,
फिनलंडवाल्यांनी किती युरो काढून घेतले.
तेवढंच.
पुलापर्यंतचे चाळीस किलोमीटर,
वायपरला चिकटलेला बर्फ,
मागच्या सीटवरचा त्याचा श्वास ऐकत
हिनं चालवलेली गाडी,
हे कशातच धरलं नव्हतं.

"असाही प्रकार असतो," ती म्हणते.
"परक्या वाटांमधला दुसरा.
दाराबाहेरची किंमत तेवढी मोजायची,
दारापर्यंत काय लागलं ते सोडून द्यायचं.
दोन दारं अगदी सारखीच महाग निघाली
तरच मागे वळून बघतात."

"आणि पहिला?"

"तो आतलं-बाहेरचं सगळं धरतो.
दोघं समोर आले तर त्यालाच आधी घेतात."
थर्मास उपडा करून ती पाहते. थेंबभर.
"बापानं नाही घेतलं."

एइलर्ट पुन्हा पडद्याकडे. एकशे चाळीस.
"बदलू?"
"कशाला? चालतंय ना."

खाली रस्त्यावरून बर्फ काढणारी गाडी जाते,
तासाभरापूर्वी गेलेलीच.
तो वहीत वेळ टाकतो, दोन वाजून दहा,
आणि पुढे लिहितो: वाट बरोबर आहे.